श्वासासकट बासरी
(प्रस्तावना)

बासरी वाजवणाऱ्याला स्वतःची बासरी जशी ऐकू येते, तशी ती दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. फुंकण्याचं भोक ओठांशी, म्हणजे कानापासून वीतभर अंतरावर. फुंक त्या भोकाच्या काठावर आपटते तेव्हाची सळसळ वाजवणाऱ्याच्या कानात सगळ्यात आधी शिरते. सूर मात्र दोन ठिकाणांहून बाहेर पडतो. एक हेच भोक, आणि दुसरं, जिथली बोटं उचलली आहेत तिथली भोकं. ही दुसरी जागा उजवीकडे हातभर लांब असते. समोर बसलेल्याच्या कानापर्यंत दोन्हीकडचा आवाज मिसळून, खोलीच्या भिंतींना शिवून पोचतो. आपण मात्र आयुष्यभर एका टोकाला बसून ऐकत राहतो. त्यामुळे पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की बहुतेकांचा चेहरा पडतो. आपला सूर एवढा पातळ आहे? ही फुसफुस कुठून आली? मग खापर फुटतं माइकवर, आणि नवा माइक शोधायला सुरुवात होते.

गेली बावीस वर्षं मी डोंबिवलीत बासरी शिकवते. २०२० नंतर शिष्यांपैकी निम्मे पडद्यावर आले. कुणी नाशिकचं, कुणी म्हापशाचं, दोघं-तिघं न्यू जर्सीचे. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, कुठला माइक घेऊ?" विचारणाऱ्याला उत्तरात एक नाव हवं असतं, जमलं तर किंमत. ते मी देत नाही आणि त्यामुळे काहीजण नाराजही होतात. कारण त्या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न आहेत: कुठल्या खोलीत वाजवणार, किती लांबून, आणि कशासाठी. या तिन्हींची उत्तरं मिळाली की माइकचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो आणि बहुतेक वेळा स्वस्तातही सुटतो. पुस्तक लिहावंसं वाटलं ते यासाठी. घरात, बेताच्या पैशांत, बासरी आणि तिच्या भावंडांचं रेकॉर्डिंग नीट करता येतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मात्र ते ज्या क्रमाने करायचं असतं, तो क्रम दुकानात कुणी सांगत नाही.

मलाही सांगितला नव्हता. पहिला माइक घेतला तेव्हा दुकानातल्या माणसाने मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक पुढे ठेवला आणि गायक हाच वापरतात म्हणाला. मला ते पटलं, कारण बासरी म्हणजे गाणंच, असं मी स्वतः दररोज शिष्यांना सांगत होते. पगारातून चार महिने बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. घरी आणून हॉलमध्ये स्टँडवर लावला. हॉल दहा बाय बारा, खाली गुळगुळीत लाद्या, एका बाजूला सरकत्या काचेची खिडकी, भिंतींवर काही नाही. भीमपलास वाजवला, ऐकला, आणि रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. सूर डब्यात कोंडल्यासारखा, आणि त्यावर सतत पाऊस पडत असल्यासारखी फुंकेची फवारणी. आठ महिने तो माइक कपाटावर पडून होता.

मग दिवाळीची साफसफाई निघाली. घरातल्या सगळ्या गाद्या, उशा, आईच्या हातच्या दोन गोधड्या, लोकरीचं जाजम असं सगळं आतल्या खोलीत रचून ठेवलं होतं. हॉलमध्ये रंगारी. रियाज चुकवायचा नाही म्हणून मी आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगाकडे तोंड करून बसले. षड्ज लावला आणि थांबले. सूर परत येत नव्हता. जेवढा बाहेर जात होता तेवढाच होता, त्याची शेपटी भिंतीवर आपटत नव्हती. कपाटावरचा माइक काढला, धूळ पुसली, तिथेच लावला. तोच माइक, तीच पांढरी तीनची बासरी, तोच भीमपलास. पण या वेळी कोमल गंधारावरून षड्जावर येणारी मींड मला पहिल्यांदा अखंड ऐकू आली, आणि तिच्याखाली श्वास होता तो श्वासासारखाच वाटला. त्या रात्री मी माझ्या सगळ्यात मोठ्या शिष्याला फोन करून सांगितलं, माइक बदलू नकोस, गादी लाव.

यामागचं कारण साधं आहे. माइकपर्यंत दोन प्रकारचे आवाज येतात: थेट वाद्यातून आलेला, आणि भिंती, जमीन, छत यांच्यावर आपटून मागाहून आलेला. लहान रिकाम्या खोलीत हा दुसरा आवाज फार लवकर आणि फार जोराने येतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये एक टाळी वाजवून बघा. टाळीनंतर पत्र्यावर काडी फिरवल्यासारखी बारीक थरथर ऐकू आली, तर त्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत असं समजावं. बासरीच्या सुरावर ही थरथर पुट चढल्यासारखी बसते आणि मग कितीही महागडा माइक ती इमानेइतबारे टिपून ठेवतो. गादी, गोधडी, जाड पडदा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची उघडी दारं, पुस्तकांचं खच्चून भरलेलं फडताळ यांनी ती मरते. बाजारात अंड्याच्या ट्रेसारखे फोमचे चौकोन मिळतात. ते इंचभर जाडीचे असले तर फक्त वरच्या टोकाची सळसळ शोषतात. सुराचा गाभा जिथे असतो तिथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. भिंतीपासून चार बोटं सोडून टांगलेली जाडजूड गोधडी त्याहून जास्त काम करते. मराठी घरात ती असतेच, आणि तिला पैसे पडत नाहीत.

अंतराचंही तसंच. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून खोली वाईट असली की माणूस माइकच्या अगदी जवळ सरकतो. गायकाचं त्यात निभतं, पण बासरीवाल्याचं नाही. फार जवळ गेलं की माइकला आवाजाची दोनपैकी एकच जागा दिसते. फुंकण्याच्या भोकासमोर ठेवला तर श्वासच श्वास, आणि बोटांच्या बाजूला ठेवला तर एक सूर मोठा, दुसरा बारीक, कारण प्रत्येक सुराला वेगळं भोक उघडं असतं. सव्वा ते दीड फूट अंतरावर दोन्ही जागा एकमेकींत मिसळतात. माझा नेम असा: माइक कपाळाच्या उंचीवर, थोडा समोर, आणि त्याचं तोंड फुंकण्याचं भोक व पहिलं बोट यांच्या मधोमध वळवलेलं. तिथे ठेवायच्या आधी त्या जागी स्वतःचा तळहात धरावा आणि तार सप्तकातला पंचम जोरात फुंकावा. तळव्याला वारा लागला तर जागा चुकली. हात वर न्यावा, बाजूला न्यावा, वारा लागेनासा झाला की तिथे माइक लावावा. ही चाचणी इतकी सोपी आहे की मुलं ती खेळ म्हणून करतात, आणि आजवर तिने मला दगा दिलेला नाही.

श्वासाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या पुस्तकात मी जे काही सुचवलं आहे ते सगळं तिथूनच येतं. श्वास काढून टाकायचा का? संगणकावर तो काढणारी साधनं आता फुकट मिळतात. मी ती वापरून पाहिली आहेत आणि मला ती नको आहेत. मंद्रातला आलाप म्हणजे फुंकेतून हळूहळू सूर होणं. फुंक आधी येते, मग त्यातून सूर उगवतो. सूर संपतो आणि फुंक क्षणभर मागे रेंगाळते. ती कापली की बासरी की-बोर्डवरच्या बासरीसारखी ऐकू येते. उलट, ती जास्त झाली की ऐकणारा थकतो. साधनं निवडताना माझी कसोटी एवढीच असते, की श्वास जेवढा खोलीत होता तेवढाच यावा. स्वस्त कंडेन्सर माइकपैकी बरेचसे आठ ते बारा हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात मुद्दाम उंच केलेले असतात. बोलणाऱ्याचा आवाज त्याने उजळतो, व्यंजनं स्पष्ट होतात. बासरीच्या फुंकेची सळसळही नेमकी त्याच पट्ट्यात पसरलेली असते, म्हणून ती अंगावर येते. डब्यासोबत येणाऱ्या कागदावर त्या माइकच्या प्रतिसादाचा आलेख छापलेला असतो. तो वाचायला या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात शिकवलं आहे. उजवीकडे डोंगर असेल तर तो माइक बासरीला नको. सपाट माळरान दिसलं तर घ्यावा. लहान पडद्याच्या, पेन्सिलसारख्या बारीक कंडेन्सर माइकमध्ये असे सपाट आलेख जास्त सापडतात, आणि ते बऱ्याचदा जोडीने स्वस्तात मिळतात.

आता पैसे. किमती बदलत राहतात, म्हणून पुस्तकात नेमके आकडे मी टाळले आहेत, पण अंदाज देते. कंडेन्सर माइक, संगणकाला जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस, स्टँड, केबल आणि बंद कपाचा हेडफोन असं सगळं मिळून पंधरा ते वीस हजारांत बसतं. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असायलाच हवं, कारण कंडेन्सर माइकला तेवढी वीज केबलमधूनच लागते. ते नसेल तर माइक मुका राहतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० किंवा त्या वर्गातला माइक भारतात सहज मिळतो आणि त्याने काम भागतं. मग लोक विचारतात, दुप्पट-तिप्पट पैसे घालून आणखी शांत माइक घेतला तर? इथे एक हिशेब मांडते. माइकच्या स्वतःच्या अंगच्या कुजबुजीला मोजमाप असतं. एटी२०२० ची कुजबुज २० डेसिबल, रोडेच्या एनटी१ ची अवघी ४. फरक मोठा आहे, आणि स्टुडिओत तो ऐकू येतो. पण माझ्या घरात रात्री साडेअकराला पंखा बंद करून, खिडक्या लावून मोजलं तरी आकडा ३५ च्या खाली जात नाही. जिथे घरच पस्तिशीत बोलतं, तिथे माइक चारवर गप्प बसला काय आणि विसावर कुजबुजला काय! ते जास्तीचे पैसे जाड पडद्यांत घाला, आणि उरले तर एक चांगली बासरी घ्या.

श्यूअरच्या एसएम५७ सारखा डायनॅमिक माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि तो दणकट म्हणून प्रसिद्ध आहे. पडला तरी वाजतो. शहनाईसाठी मी तोच सुचवते. बासरीसाठी नाही, कारण त्यातून निघणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो. मंद्रातला आलाप टिपायला इंटरफेसचं गेनचं बटण जवळजवळ शेवटापर्यंत फिरवावं लागतं, आणि स्वस्त इंटरफेस तिथे पोचला की स्वतःच फुसफुसायला लागतो. मग वाटतं की फुंक आली. प्रत्यक्षात ती यंत्राची असते.

मोबाइलबद्दल तुच्छतेने बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. शिष्यांना पहिले सहा महिने मी मोबाइलच वापरायला लावते. त्याचा माइक तसा वाईट नसतो, पण त्याची अतिहुशारी आड येते. आवाज लहान झाला की फोन स्वतःहून वाढवतो, मोठा झाला की दाबतो. भाषणाला ते ठीक. आलापात मात्र तुम्ही हळूहळू विरत नेलेला सूर तो पुन्हा उचलून धरतो, आणि सोबत पंखाही उचलतो. रेकॉर्डिंगच्या काही अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करता येते. असं अ‍ॅप शोधून तेवढं एक काम केलं तरी फोनचं रेकॉर्डिंग निम्म्याने सुधारतं. व्हिडिओ कॉलवर तर आणखी एक अडचण. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ती यंत्रणा धरून चालते. तानपुरा तिला पंखा वाटतो. दहा सेकंद लांबवलेला षड्जही पंखाच वाटतो आणि ती तो मधेच गिळते. न्यू जर्सीच्या माझ्या एका शिष्येचा सूर आठ सेकंदांनंतर दर वेळी बुडायचा. आधी मी तिला दमसास वाढव म्हणून सांगत राहिले. तिने निमूटपणे वाढवलाही. मग एकदा झूममधली ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय तिने चालू केली आणि तो सूर बावीस सेकंद टिकला. तिच्यावर झालेला तो अन्याय मला अजून बोचतो. ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येक गुरूने पुस्तकातलं या विषयावरचं प्रकरण तरी वाचावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

यंत्र आणि वाद्य यांची ही ओढाताण आजची नाही. १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर चर कोरायची. जे दणदणीत ते उमटायचं, जे हळुवार ते हरवायचं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, आणि मग कुजबुजसुद्धा तबकडीवर पोचू लागली. पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ चा. ते कोलकात्याच्या आणि १९४० पासून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वावरले, म्हणजे माइकसमोरच वाढले. बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी त्यांनी ख्यालाच्या दरबारात आणून बसवली. त्या बासरीचा मंद्र अंगणात चार हातांवर विरून जातो. मला नेहमी वाटतं, की समोर माइक नसता तर एवढा हळू आवाज मैफिलीत आणायची हिंमत कुणी केली नसती. पुढे १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. तिच्यातली पं. हरिप्रसाद चौरसियांची बासरी घराघरांत ऐकली गेली आणि बासरीच्या आवाजाची एक प्रतिमाच लोकांच्या कानात पक्की झाली. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती प्रतिमा असते. तिच्याशी स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डिंगची तुलना करू नये. त्यामागे मोठा स्टुडिओ होता, जाणते ध्वनिमुद्रक होते, आणि तो श्वास तर होताच.

बासरीखेरीज इतर सुषिर वाद्यांना पुस्तकात एकच प्रकरण दिलं आहे, कारण तिथे माझा अनुभव तोकडा आहे. क्लॅरिनेटवाले माइक हमखास खालच्या कर्ण्यात रोखतात. कर्ण्यातून पूर्ण आवाज येतो तो फक्त सगळ्यात खालच्या सुरांचा. बाकीचे सूर मधल्या भोकांतून निसटून गेलेले असतात. माइक मधल्या भागाकडे, दीड-दोन फुटांवरून वळवला की सगळे सूर एका वजनाचे येतात. शहनाईला तीन-चार फूट लांब ठेवावं आणि खोली मोठी घ्यावी. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेली सुंदरी तर शहनाईहून आखूड आणि आवाजाने अधिक टोकदार. ती मी दोनदाच रेकॉर्ड केली. दोन्ही वेळा माइक तिच्या रेषेतून बाजूला सरकवल्यावरच कानाला गोडवा मिळाला.

डोंबिवलीकर म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. माझ्या खिडकीपासून रेल्वेचे रूळ लांब नाहीत. जलद लोकल गेली की जमीन गुरगुरते, आणि ती गुरगुर कानाला जेवढी जाणवते त्याहून माइकला जास्त जाणवते. कितीतरी वर्षं मी दोन गाड्यांच्या मधल्या चार मिनिटांत वाजवत होते. मग गणित मांडून पाहिलं. पांढरी तीनच्या बासरीची सगळी भोकं बंद केली की मंद्र पंचम वाजतो, तो सुमारे २४७ हर्ट्‌झचा. त्याच्या खाली बासरीत सूरच नाही. गाडीची गुरगुर, पंख्याची घरघर, विजेच्या तारांतली ५० हर्ट्‌झची हूं, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, यांतलं बरंचसं १०० च्या खाली राहतं. म्हणजे १०० हर्ट्‌झखालचं सगळं कापून टाकलं तरी बासरीच्या केसालाही धक्का लागत नाही. ऑडासिटी फुकट मिळतं, त्यात हे काम दोन टिचक्यांत होतं. आता लोकल जाते तेव्हा मी थांबत नाही. कुकरच्या शिट्टीला मात्र असा उपाय नाही. ती बासरीच्या सुरांच्या अंगणातच वाजते. शेजारच्या काकूंना मी सांगून ठेवलं आहे, की सकाळी सहा ते पावणेसात या वेळात डाळ लावू नका, आणि त्या पाळतात.

तानपुरा हेडफोनमधूनच ऐकावा, स्पीकरवर लावू नये. तो माइकमध्ये शिरला की नंतर वेगळा काढता येत नाही. हेडफोन बंद कपाचा आणि वायरचा हवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, आणि स्वतःचा सूर उशिरा ऐकत वाजवणारा लयीत टिकत नाही. इंटरफेसवर माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये सोडण्याचं बटण असतं, ते दाबावं. मी स्वतः हेडफोनचा एक कप कानावर आणि दुसरा कानामागे ठेवते. बासरी उघड्या कानाने ऐकली नाही तर माझी फुंक घट्ट होते.

लेव्हल लावताना सगळ्यात मोठा सूर वाजवून पाहावा आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं गेन ठेवावं. पूर्वी सोळा बिटच्या जमान्यात आवाज वरपर्यंत न्यावा असं सांगत. आता चोवीस बिटमध्ये तळाशी भरपूर जागा असते, म्हणून वर मोकळीक सोडावी. तार सप्तकातली एखादी हरकत अंदाजापेक्षा जोरात जातेच, आणि फाटलेला सूर नंतर शिवता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांसाठी पुस्तकात एक वेगळा कोपरा आहे. जून ते सप्टेंबर तिथली हवा ओलीचिंब असते. कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल बसली की तो तडतडतो, फुटाणे भाजल्यासारखा. म्हापशाच्या माझ्या शिष्याने घाबरून माइक दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं होतं. मी त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेव म्हटलं. तिसऱ्या दिवशी तडतड गेली. तेव्हापासून पावसाळ्यात त्याचा माइक वापर संपला की डब्यातच असतो. बासरीची तऱ्हा मात्र उलटी. तिला कोकणातली ओल मानवते. कोरड्या हवेत, विशेषतः एसीच्या खोलीत, बांबू तडकतो. म्हणून एसी लावलेल्या गुळगुळीत खोलीत रेकॉर्डिंग करण्यापेक्षा घामाघूम होऊन गाद्यांच्या खोलीत केलेलं मला परवडतं.

हवेचा आणखी एक परिणाम रेकॉर्डिंगमध्ये हमखास सापडतो. थंडीत बासरी उतरते. हवा गार असली की नळीतला सूर खाली येतो, आणि दहा अंशांचा फरक पडला तर तो कुणालाही ऐकू येण्याइतका असतो. अ‍ॅपमधला तानपुरा तर जागचा हलत नाही. डिसेंबरच्या पहाटे थेट वाजवायला घेतलं की पहिली पाच मिनिटं सगळं बेसूर येतं आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. बासरी आधी श्वासाने उबदार करून घ्यावी. भोकं बंद करून नुसती हवा सोडत राहावं, मग रेकॉर्डिंगचं बटण दाबावं.

एवढी यातायात कशासाठी, हे माझ्या सगळ्यात ज्येष्ठ शिष्याने मला शिकवलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर बासरी हाती घेतलेले गृहस्थ, वय अडुसष्ट. दर रविवारी ते भूपाचा एकच आलाप फोनवर रेकॉर्ड करायचे आणि तारीख लिहून ठेवायचे. कुणाला ऐकवायचे नाहीत. चार महिन्यांनी ते ओळीने सगळे रविवार ऐकत बसले आणि मला म्हणाले, "ताई, माझा प्रत्येक लांब सूर शेवटी खाली जातो. श्वास संपत येतो तसा तो बसतो. तुम्ही वर्षभर सांगताय, मला ते आज दिसलं." त्यांनी 'दिसलं' असाच शब्द वापरला. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी तो दोष घालवला. श्वास सरताना ओठ किंचित आवळून, फुंकेची धार बारीक करून सूर वर धरायचा असतो. ते त्यांच्या ओठांना आता कळतं. त्यानंतर त्यांनी माइक घेतला, साधाच. पण माझ्या लेखी त्यांचा स्टुडिओ त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता.

म्हणून हे पुस्तक हातात घेतल्यावर लगेच खरेदीच्या प्रकरणाकडे वळू नये, ते मी मुद्दाम चौथं ठेवलं आहे. आधी फोन घ्यावा, बासरी घ्यावी आणि घरातल्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात बसून मंद्र पंचम वीस सेकंद धरावा. स्वयंपाकघर सोडू नये, जिन्याखालची जागा सोडू नये, कपाटाची दारं उघडून त्यासमोरही बसावं. रात्री सगळे तुकडे हेडफोनवर सलग ऐकावेत. कुठल्या तरी एका तुकड्यात सूर भिंतीवर न आपटता सरळ विरलेला सापडेल. ती जागा लक्षात ठेवावी आणि लादीवर खडूने खूण करावी. माझ्या आतल्या खोलीत कपाटाच्या डाव्या दाराशी अशी एक फुली आहे. दर दिवाळीला लादी पुसताना ती जाते आणि संध्याकाळी गाद्या जागेवर गेल्या की मी ती पुन्हा काढते.